भात शिजेपर्यंत

आमच्या मंडळाचा इतिहास कोणीतरी लिहून ठेवावा, असं मागच्या पावसाळ्यात ठरलं. मंडळातले गुरुजी लगेच तयार झाले. पण गुरुजींच्या हाती कुठलाही इतिहास दिला की ते पृथ्वी थंड झाली तिथपासून सुरू करतात, आणि आमच्या मंडळासाठी इतकं मागे जायचं कारण नाही. म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. रोग्यांचे ताप आणि बाळांची वजनं सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा हे इतिहासासारखं होणार नाही आणि यात माझंच घर जास्त येईल, हे आधीच सांगते. त्याला इलाज नाही, कारण मंडळ निघालं ते माझ्या मुलीच्या लग्नातून.

मंडळ म्हणजे चार लोकांत बोलायला शिकणाऱ्यांची मंडळी. वडशात तांदळाच्या गिरण्यांच्या मागे एका मंडपवाल्याचं टिनाचं गोदाम आहे. मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर असं सगळं तो भाड्याने देतो आणि लग्नात माईकच्या मशीनवर स्वतःच बसतो, म्हणून सगळे त्याला साऊंडवाले भाऊ म्हणतात. पावसाळ्यात लग्नं नसतात. झाडीपट्टीची नाटकंही दिवाळीनंतर उभी राहतात. त्यामुळे पाऊस लागला की त्याचा सगळा माल गोदामात येऊन पडतो आणि तोही रिकामा होतो. त्या दिवसांत दर रविवारी दुपारी आम्ही तिथे जमतो. गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसायचं, बांबूंच्या ढिगासमोर उभं राहून बोलायचं. संध्याकाळपर्यंत आटोपावं लागतं, कारण कुरखेड्याच्या बाजूने येणाऱ्यांना उजेडात परत जायचं असतं. रस्त्यात जंगल आहे आणि वाघाला आमच्या सभेचं काही देणंघेणं नाही.

आता लग्नाचं सांगते.

मुलीचे बाबा तिच्या लग्नाच्या आधीच गेले होते. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगीही तिकडेच. दोघांनी आपसात ठरवलं आणि आम्हाला कळवलं. मुलगा चांगला आहे, अजूनही चांगलाच आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. लग्न इथेच, वडशाच्या हॉलवर झालं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं पडली. विधी कसा पटकन आटोपतो. वेळ लागतो तो पुढे, मार्गदर्शनाला. आमच्याकडे लग्न असो, नामकरण असो की घराचा प्रवेश असो, माईक समोर आला की माणसं रांगेने उभी राहतात. समाजाचे अध्यक्ष बोलले, माजी सभापती बोलले, मुलाकडचे मोठे काका बोलले, आमच्याकडचे मामा बोलले. मामांना मागे टाकायला त्यांचे साळे बोलले. कुणी घटनेवर बोललं, कुणी हुंड्यावर बोललं, एकजण धानाच्या भावावर बोलला.

आणि प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, शेवटी माझ्या मुलीला एकच सांगितलं. बेटा, आता तेच तुझं घर. माहेरी यायचं ते पाहुणी म्हणून. चार दिवस यायचं, आनंदाने राहायचं, आपल्या घरी परत जायचं.

मी पहिल्या रांगेत बसले होते. ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून माझं डोकं तापत गेलं. मी नोकरीत अशा कितीतरी पोरी पाहिल्या होत्या. बाळंतपणाला माहेरी यावंसं वाटत असून आल्या नाहीत, अंगावर ताप काढला, दुखणं लपवलं. विचारलं की म्हणत, "पाहुनीच हावो ना बाई आता, कितीक डाव जाचं?" आणि इथे सभागृहभर लोक माझ्या पोरीला तेच पाजत होते, तेही माईकवरून. ती मान खाली घालून ऐकत होती, मधूनमधून मान हलवत होती.

मला राहवलं नाही. नवरीच्या आईने बोलायची आमच्याकडे रीत नाही. पण मी उठले, स्टेजवर गेले, माईक धरला. म्हटलं, "मले माझ्या पोरीले एकच सांगाचं हाये."

माईक बंद पडला.

मी माईकवर बोट आपटलं. एक फुंकर मारली. काही नाही. मागून जेवणाच्या मंडपात डेगवरचं झाकण वाजलं, तसे लोक उठले. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणजे भाषण झालं असं समजून सगळ्यांनी वाजवल्या. मी माईक जागेवर ठेवला आणि खाली उतरले. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी आशीर्वाद द्यायला आले होते.

लग्नानंतर दोन-चार दिवसांनी साऊंडवाले भाऊ उरलेल्या खुर्च्या न्यायला घरी आले. खुर्च्या गाडीत चढवून झाल्या तरी जाईनात. चहा दिला, तो प्यायले. मग म्हणाले, "नर्सबाई, माईक खराब नोता झाला."

मला आधी कळलंच नाही.

"मीच बंद केलो," ते म्हणाले. "आमचं अन् आचाऱ्याचं ठरलेलं रायते. भात थंडा व्हाले लागला का तो झाकन वाजवते, मी बटन दाबतो. कोन उभं हाये, मी पायलोच नाई. मले वाटलं, आनखी एक आला बोलनारा."

मी इतकी चिडले की त्यांच्यापुढचा कप फटकन उचलून घेतला. ते बिचारे पायरीवर बसून चपलेचा अंगठा चाचपत होते. काळेसावळे, जाडजूड गृहस्थ, त्यांचा आवाज मात्र अगदी बारीक. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करत आलेला हा माणूस. त्यांनी विचारलं, "तुमाले का सांगाचं होतं जी?"

"ज्याले सांगाचं होतं ते गाडीत बसून गेलं," मी म्हटलं. "आता तुमाले सांगून का करू?"

ते गेले. पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. पावसाळा लागला तेव्हा परत आले, या खेपेला बायकोला घेऊन. म्हणाले, त्यांनी फार विचार केला. या जिल्ह्यात त्यांनी ऐकली नाहीत अशी भाषणं नाहीत. लग्नातली, निवडणुकीतली, स्मशानातली. त्यांचं म्हणणं असं, की लोकांना बोलता येतं, थांबता येत नाही. आणि कोणी थांबत नाही म्हणून शेवटच्याचं राहून जातं. "शेवटचा जो रायते ना बाई, त्यालेच खरं बोलाचं रायते. बाकीचे तं नुसते उभे रायतात."

त्यांची बायको म्हणाली, "यायचं डोकं फिरलं हाये. पन गोदाम रिकामं हाये, या तुमी."

असं आमचं मंडळ सुरू झालं.

पहिला नियम भाऊंनी केला: माईक नाही. त्यांच्याकडे माईकांचा ढीग, पण गोदामात एकही जोडायचा नाही. दुसरा नियम वहिनींचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा. त्या म्हणाल्या, लोक बोलायला येतील, उपाशी परत जातील, मला चालणार नाही. मग त्यांनी दारात गॅसची शेगडी मांडली आणि त्यावर भाताचा गंज चढवला. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. या दोन नियमांतून तिसरा आपोआप निघाला, आणि पुढे तोच मंडळाचा मुख्य नियम झाला. गंज चढला की पहिल्याने बोलायला उठायचं. सगळ्यांचं बोलून झालं पाहिजे भात शिजेपर्यंत. शेवटच्या माणसाचं बोलून झाल्याशिवाय गंज उतरवायचा नाही, मग भाताचं काहीही होवो. म्हणजे आधीच्याने लांबवलं तर भात करपतो आणि सगळ्यांनाच करपलेला खावा लागतो. घड्याळाला कोणी भीत नाही. पण सगळी माणसं नाक वर करून तुमच्याकडे पाहू लागली की भलाभला वक्ता वाक्य आवरतं घेतो.

तो भात कसा असायचा, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गिरणीतून नुकताच भरडून आणलेला तांदूळ, बाहेर पाऊस, टिनावर त्याचा आवाज, आणि दारातून आत येणारी वाफ. सोबत वहिनींचं आंबट वरण, कधी तळ्यातले मासे. भूक असल्यावर मुद्दे फार लवकर सुचतात.

पहिल्या वर्षी गुरुजींनी आम्हाला रडवलं. शाळेतून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. विषय होता 'पाणी'. ते ढगांपासून निघाले, समुद्रावर आले, सिंधू नदीपर्यंत पोचले तेव्हा खाली भात लागायला लागला होता. वैनगंगा यायच्या आत धूर निघाला. दंड म्हणून आम्ही बुडाचा करपलेला भात गुरुजींच्या ताटात वाढला. गुरुजींनी त्यावर दूध घातलं, साखर घातली आणि बोटं चाटत खाल्लं. लहानपणापासून त्यांना तोच आवडतो म्हणे! पुढच्या रविवारी ते मुद्दाम लांबवतात की काय, असा वहिनींना संशय आला आणि दंड बदलण्यात आला. ज्याच्यामुळे करपला, त्याने गंज घासायचा. मागच्या विहिरीवर, राख आणि नारळाच्या शेंडीने, स्वच्छ दिसेपर्यंत. गुरुजींनी एकदाच घासला. त्यानंतर त्यांची भाषणं इतकी आटोपशीर झाली की त्यांच्या पत्नीने घरून निरोप पाठवला, "तुमी यायले का केलं? घरीबी कमी बोलून राह्यले. असंच रावू द्या."

या सवयीचा एक घोळही झाला. चंद्रपूरला कुठल्याशा मोठ्या कार्यक्रमात गुरुजींना वक्ते म्हणून बोलावलं. आम्ही सगळे गाडी करून गेलो. आधीच्यांनी दुपार करून टाकली होती, खुर्च्या पेंगत होत्या. गुरुजी उठले, छान सुरुवात झाली, आणि नेमकं तेव्हाच मंडपामागे आचाऱ्याने भाताचं झाकण काढलं. वाफेचा वास स्टेजवर आला. गुरुजी वाक्याच्या मध्यात होते. त्यांनी नाक वर केलं, डोळे विस्फारले, म्हणाले, "एवढं बोलून थांबतो," आणि खाली बसले. विषय काय होता तेही लोकांना समजलं नसेल. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच मिळाल्या. गाडीत परत येताना ते हिरमुसले होते. "अजून दोन मुद्दे राहिले होते हो," असं ते आरमोरी येईपर्यंत म्हणत होते. भाऊ हसून हसून बेजार झाले.

आमच्यात एक नाटकातली बाई होती. हिवाळाभर झाडीपट्टीत गावोगाव आई, सासू, विधवा करायची. रात्रभर अख्ख्या गावाला रडवणारी. पावसाळ्यात काम नसायचं म्हणून आमच्यात यायची. उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, शेवटच्या माणसापर्यंत आवाज कसा पोचवायचा, हे सगळं आम्हाला तिने शिकवलं. पण तिची स्वतःची पाळी आली की ती पदर चावत बसून राहायची. "लिहून द्या ना कोनी," म्हणायची, "आपल्या मनचं कसं बोलतेत, मले नाई येत." एक अख्खा पावसाळा ती बोलली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एकदा उठली आणि म्हणाली, "मले पावसाळा आवडते. कारन पावसाळ्यात मले कोनी आई म्हनत नाई." आणि खाली बसली. ते मंडळातलं सगळ्यात लहान भाषण. भात अजून उकळायलाही लागला नव्हता. मला त्या बाईची फार माया वाटते, आणि तिला हे ठाऊक आहे.

मी स्वतः काय करत होते? बोलत होते. सापाच्या विषावर बोलले, बाळाच्या पहिल्या दुधावर बोलले, सासवांवर तर दोनदा बोलले. मला बरं बोलता येतं असं सगळे म्हणत. पण दर वर्षी पहिला पाऊस होऊन मंडळ बसलं की भाऊ मला बाजूला घेऊन विचारत, "नर्सबाई, ते राह्यलेलं?"

"ज्याले सांगाचं ते इथी नाई," मी दर वर्षी म्हणायची.

आणि तिकडे काय चाललं होतं? मुलगी पुण्याहून फोन करायची, न चुकता. यायची झाली की आधी विचारायची, "आई, येऊ का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हसले. म्हटलं, अगं विचारतेस काय, ये. ती म्हणाली, "नाही, तुला जमेल का, म्हणून." दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. आई, येऊ का. चार दिवसच राहते. स्टेशनवर येऊ नकोस. आली की बॅग पलंगाखाली सरकवून ठेवायची, कपडे कपाटात लावायची नाही. माझ्याच पोटची पोर, याच घरात रांगायला शिकलेली, आणि स्वयंपाकघरात डबा उघडायच्या आधी माझ्याकडे पाहायची. मी सांगत नव्हते असं नाही. पोळ्या लाटताना सांगितलं, फोनवर सांगितलं, चिडूनही सांगितलं. ती म्हणायची, "हो गं आई." पण त्या लोकांनी तिला सगळ्या गावासमोर, माईकवरून सांगितलं होतं. माझं पोळ्या लाटताना सांगितलेलं त्याच्यापुढे टिकत नव्हतं.

मग एक दिवस तिच्या एका मैत्रिणीशी बोलताना मला कळलं की आदल्या वर्षी माझ्या मुलीचं बाळ पोटातच गेलं होतं. चौथा महिना होता. दवाखान्यात होती, नवऱ्याने रजा घेऊन सगळं केलं, पण मला कळू दिलं नाही. मी फोन केला. ओरडले नाही, नुसतं विचारलं, काऊन? ती म्हणाली, "तू एकटी. तुला कशाला त्रास. आणि मी दोनदा फोन हातात घेतला होता आई, पण चार दिवसांत बरं वाटणारं नव्हतं ते. जास्त राहावं लागलं असतं."

जास्त राहावं लागलं असतं! मी, जिने कोरचीपर्यंतच्या जंगलातल्या पोरींना असल्या दुखण्यात उशाला बसून सांभाळलं, त्यांच्या तोंडात पेज घातली, त्या माझी स्वतःची पोरगी तिकडे हिशेब करत पडली होती की माहेरी किती दिवस राहिलेलं चालतं. त्या दिवशी मला त्या सगळ्या मार्गदर्शकांना एकेक करून गंज घासायला बसवावंसं वाटलं. आणि खरं सांगते, त्या दिवशी मी खूप रडले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "आई, येऊ का? चार दिवस." म्हटलं, ये. आली तेव्हा वाळलेली होती. ऑफिसातून सुट्टी घेतली म्हणाली, यापलीकडे काही बोलली नाही. मीही खोदलं नाही. बॅग पलंगाखाली गेली. परतीचं तिकीट सोमवारचं होतं, आणि मध्ये रविवार होता. मी म्हटलं, चल, आमचा भात खायला. ती हसली. मंडळाचे किस्से तिला फोनवरून सगळे माहीत होते. भाऊंनी माझा माईक बंद केला होता, तेवढं मात्र मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

रोवणीचे, म्हणजे धान लावायचे दिवस होते, त्यामुळे गोदामात माणसं थोडी होती. गुरुजी, नाटकातली बाई, कुरखेड्याचे दोघंतिघं, भाऊ, वहिनी. मुलगी मागे सतरंज्यांच्या गुंडाळीवर बसली, पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी. भाऊंनी तिला पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. फक्त फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिताना शेवटी माझं लिहिलं.

वहिनींनी गंज चढवला. गुरुजी 'बैल' या विषयावर बोलले, फार आटोपशीर. कुरखेड्याचा एक जण नवा होता, तो घाबरून सारखा मागे सरकत बांबूंना टेकला आणि बांबू घरंगळले, ते गोळा करण्यात वेळ गेला. माझी पाळी आली तेव्हा भाताला वाफ आली होती.

मी उभी राहिले. विषय मी सांगितला नाही. म्हटलं, "मले माझ्या पोरीले एकच सांगाचं हाये."

तेच वाक्य निघालं. ठरवलं नव्हतं. पुढचं काही केल्या येईना. इतकी वर्षं ते बोलणं आत तयार होतं, तोंडपाठ होतं, आणि आता ती समोर बसलेली पाहून त्यातला पहिलाच शब्द हरवला. टिनावर पाऊस. दारातून भाताचा वास येऊ लागला, शिजलेल्या भाताचा, आणि थोड्या वेळाने त्यात तो दुसरा वास मिसळला, जो आला की आमच्यात सगळे नाक वर करतात. कोणी केलं नाही. मी तशीच उभी.

तेव्हा भाऊ उठले.

तोच माणूस, ज्याने लग्नात बटण दाबलं होतं. मला वाटलं, संपलं. ते दारात गेले, वाकले आणि शेगडी बंद केली. फडक्याने धरून गंज खाली उतरवला. शेवटच्याचं झाल्याशिवाय उतरवायचा नाही, हा त्यांचाच नियम होता, आणि कोणासाठी, अगदी आमदारासाठीही, त्यांनी तो कधी मोडला नव्हता. परत येऊन जागेवर बसले. त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "बोला बाई. भात थंडा झाला तरी चालते."

मग मी बोलले. माझ्या बोलीतच बोलले, कारण ते तिच्यासाठी होतं. मी म्हटलं, "तुह्या लग्नात सगळ्यायनं तुले सांगतलं का माहेरी पाहुनी म्हनून येजो. त्यायनं माईकवर सांगतलं. मी उभी राह्यली होती ते खोडाले, पन माईक बंद पडला अन् ते तसंच राह्यलं. आज माईक नाई, पन मानसं हायेत. या सगळ्यायसमोर सांगतो. ते घर तुहं होतं, तुहंच हाये. तिथी याले तुले कोनाले विचाराची गरज नाई, मलेबी नाई. चार दिवस नाई, चार वर्स रायजो. आनंदात ये, दुखन्यात तं आधी ये. ज्या दिवशी फोन हातात घेऊन तू खाली ठेवला ना, तो दिवस माह्या डोक्यातून जात नाई. तसा दिवस पुन्हा आला तं फोन करू नको. नुसती गाडीत बस." आणखी काय बोलले ते आठवत नाही. बोलले मात्र बराच वेळ. थांबता आलं नाही, हेही सांगून टाकते.

बाळाचं मी बोलले नाही. ते तिचं होतं. पण फोनचं ऐकलं तेव्हा तिने मान वर केली, आणि मग खाली केलीच नाही.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. नाटकातली बाई पदराने डोळे पुसत होती. रोज खोटं रडणारी ती, माझ्या भाषणाला खरी रडली, याचा मला आजही अभिमान आहे. वहिनींनी झाकण काढलं. मधला भात निवला होता, बुडाचा काळा ठिक्कर. गुरुजींनी ताट पुढे केलं. नियमाप्रमाणे गंज घासायची पाळी माझी होती. मी तो विहिरीवर नेला, राख घेतली, तशी मुलगी मागून आली आणि साडीचा ओचा खोचून माझ्यासमोर बसली. आम्ही दोघींनी घासला. घरी गेल्यावर तिने सोमवारचं तिकीट काढून पाहिलं आणि परत बॅगेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेलीच. मी स्टेशनवर गेले, हात हलवला आणि घरी येऊन झोपून राहिले. मनात म्हटलं, सांगायचं ते सांगितलं. इतक्या वर्षांचं मुरलेलं एका भाषणाने थोडंच निघणार आहे?

दिवाळी झाली. धान घरात आलं. झाडीपट्टीची पोस्टरं चौकाचौकात लागली, नाटकातली बाई गावोगाव आई व्हायला निघून गेली, भाऊंचा माल गाड्यांवर चढला आणि मंडळ नेहमीसारखं बंद झालं.

त्या दिवसांत एका सकाळी मी बाजारातून येत होते. पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगा मिळाल्या होत्या, म्हणून खुशीत होते. फाटक उघडंच होतं. दारात चपला दिसल्या, पुण्याकडच्या, वर पट्ट्यांच्या. कुलपाची किल्ली माझ्याकडे तुळशीच्या वृंदावनाऐवजी बोधिवृक्षाच्या कुंडीखाली असते, हे घरच्या माणसालाच ठाऊक. मी आत गेले. पलंगाखाली बॅग नव्हती. कपाट उघडं होतं आणि मधल्या कप्प्यात तिचे कपडे लावलेले होते, माझी लुगडी बाजूला सारून.

ती स्वयंपाकघरात होती. केस वर बांधलेले, चेहरा प्रवासाने उतरलेला. शेगडीवर गंज चढवलेला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, तांदूळ कोणता आणतेस तू आता? हा जरा चिकट होतोय." आणि झाकण उघडून चमच्यावर दोन शितं घेऊन बोटाने चेपून पाहिली.

तिने फोन केला नव्हता. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि शेंगा सोलायला बसले. किती दिवसांसाठी आलीस, ते मी विचारलं नाही.